ज्ञानाची रोजकीर्द

माणसाने रोज काहीतरी नवे शिकावे, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. टंचाई असलीच तर ती शिकणाऱ्यांची आहे. शाळेच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या तळाशी, दवाखान्यात मधुमेहाच्या तक्त्याशेजारी आणि अलीकडे तर सकाळी सहा वाजता मोबाईलवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली हा उपदेश आपल्याला गाठतोच गाठतो. पाठवणारा स्वतः काल काय शिकला, हे मात्र तो कधी कळवत नाही. काल पाठवलेले चित्र आज त्यानेच पुन्हा पाठवले, एवढ्यावरून मधल्या चोवीस तासांतील त्याच्या प्रगतीचा अंदाज आपण बांधायचा.

मी बँकेतला कारकून. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर असोसिएट’ म्हणतात. नाव बदलले तरी काउंटरच्या अलीकडची खुर्ची आणि पलीकडची रांग तीच आहे. शिक्षण बी.कॉम., मुक्काम यवतमाळ, वय अशा टप्प्यावर की चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधण्याची तालीम आता सुरू व्हावी. अशा माणसाने रोज काही नवे शिकावे, असे सहसा कोणाला वाटत नाही. बँकेला मात्र वाटले.

काही वर्षांपूर्वी आम्हा पंचवीस-तीस जणांना प्रशिक्षणाला धाडले. तिथल्या टायवाल्या तरुणाने फळ्यावर एक हिशेब मांडला. रोज फक्त एक टक्का सुधारणा करा, वर्षाच्या शेवटी तुम्ही जवळजवळ पावणेअडतीस पट सुधारलेले असाल! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने कॅलक्युलेटर काढला. हिशेब बरोबर होता. एक पूर्णांक एक शतांशाचा तीनशे पासष्टावा घात सदतीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर शतांशच येतो. पण चक्रवाढ व्याज मिळायला एक अट असते, हे कोणताही कारकून सांगेल. मुद्दल आणि व्याज दोन्ही खात्यात पडून राहिले पाहिजे. सकाळी भरले आणि संध्याकाळी काढले, तर चक्रही नाही आणि वाढही नाही. तीन वर्षांनी तोच तरुण पुन्हा भेटला. तीच टाय, तोच फळा, तेच पावणेअडतीस. त्याच्याच हिशेबाने एव्हाना त्याची वाढ पन्नास हजार पटींच्या वर जायला हवी होती. टायची गाठसुद्धा बदलली नव्हती.

तेव्हा रोज नवे शिकण्याची सवय मला बँकेने लावली, असे कोणी समजू नये. ती मला फल्लीदाण्याच्या पुडीने लावली.

आमचे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षे यवतमाळ-वणी मार्गावर गेली. शिक्षण जुनी अकरावी, तीही काठावर. पण वाचनाची भूक अशी, की छापील कागद दिसला की हात पुढे. स्टँडवर फल्लीदाणे घेतले, की दाणे आम्हा पोरांना आणि पुडी बाबांना, अशी वाटणी ठरलेली. पुडी उलगडायची, मांडीवर तळहाताने सपाट करायची, तेलाच्या डागातून जे दिसेल ते वाचायचे आणि रात्री ड्युटीवरून आले की आम्हाला सांगायचे. “आज काय नवीन?” असे आम्ही विचारायचो. मग जपानात भूकंप का होतात, मधमाशी नाचून काय सांगते, मूतखड्यावर काय खावे, असे त्या दिवशी पुडीत जे बांधलेले असेल ते मिळायचे. विषयाची निवड किराणा दुकानदाराची. अभ्यासक्रमाची इतकी उदार व्यवस्था पुढे मला कुठल्याही विद्यापीठात दिसली नाही.

या शिक्षणपद्धतीत एकच अडचण होती. ज्ञान कागदाच्या काठावर संपायचे. एकदा एका पुडीवर कॅप्टन स्कॉट नावाचा इंग्रज दक्षिण ध्रुवाकडे निघाला. बर्फ, वादळ, ओढगाड्या, मरायला टेकलेली तट्टे, सगळे बाबांनी रंगवून सांगितले. आता पाच माणसे शेवटची वाट चालताहेत, आणि इथे पुडी फाटलेली. उरलेला ध्रुव दुकानदाराकडे राहिला. बाबा दुसऱ्या दिवशी त्या दुकानात मुद्दाम गेले. रद्दीचा गठ्ठा उपसला. ते पान कोणाच्या तरी हळदीबरोबर गेले होते. पुढे कित्येक महिने बाबा ओळखीच्या माणसाला विचारत, “तो स्कॉट वापस आला का हो?” मारेगावच्या स्टँडवरच्या कंट्रोलरने म्हणे एकदा उत्तर दिले, की त्या नावाची गाडी अजून आली नाही.

अकरा वर्षांनी मी कॉलेजात असताना वाचनालयात ते उत्तर मला मिळाले. घरी येऊन मी बाबांना बाकीची पुडी उलगडून सांगितली. स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचले. तिथे नॉर्वेच्या अमुंडसेनचा तंबू आणि झेंडा आधीच उभा होता. तो १४ डिसेंबर १९११ लाच येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर पाचांपैकी दोघे गेले. उरलेले तिघे मार्चअखेर तंबूत गारठून गेले, आणि अन्नाचा साठा तिथून अवघ्या अकरा मैलांवर होता. अकरा मैल म्हणजे कंडक्टरच्या हिशेबात दोन-तीन स्टॉप. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुडी फाटली तेच बरं झालं होतं, बापा.”

नोकरीला लागल्यावर मी एक वही घातली. बँकेत रोजच्या व्यवहारांची नोंद जिथे होते तिला जुन्या भाषेत रोजकीर्द म्हणतात. तिथून नोंदी खतावणीत जातात, खतावणीतून तेरीज निघते आणि तेरजेतून ताळेबंद. आता हे सगळे संगणकाच्या पोटात होते. पण शब्द फार सुंदर, ते वाया जाऊ नयेत म्हणून मी माझ्या वहीला ज्ञानाची रोजकीर्द असे नाव दिले. रोज एक नोंद. विषयाचे बंधन नाही. अट एवढीच, की गोष्ट काल मला ठाऊक नसावी आणि आज पक्की कळलेली असावी.

पहिली नोंद अर्थातच घरच्या देवाची. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद ठेवण्याची पद्धत लूका पाचोली नावाच्या इटालियन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात मांडली. पद्धत त्याची नव्हे, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची. त्याने ती फक्त नीट लिहून काढली. पुढे याच पाचोलीच्या दुसऱ्या एका पुस्तकासाठी चित्रे काढली ती लिओनार्दो दा विंचीने. मोनालिसा काढणारा माणूस आमच्या शास्त्राच्या आद्य आचार्यांचा दोस्त होता, हे कळल्यावर मी दोन दिवस काउंटरवर जरा ताठ बसत होतो. तिसऱ्या दिवशी पेन्शनची गर्दी झाली आणि ताठा उतरला.

वही भरत गेली. शुक्र ग्रहाला स्वतःभोवती एक फेरा घ्यायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती एक फेरा २२५ दिवसांत होतो, म्हणजे त्याच्या फेऱ्याच्या मानाने तिथे दिवस वर्षाहून मोठा. ही नोंद मी आमच्या कॅशियरला ऐकवली. तो म्हणाला, “मग तिथं रोजंदारीवर जाऊ नये, वार्षिक पगार घ्यावा.” ऑक्टोपसला तीन हृदये असतात, ही नोंद मी सौभाग्यवतींना ऐकवली. तिने फोडणीवरचे लक्ष न काढता विचारले, “आणि बँकेतल्या मानसाले?”

सौभाग्यवतींचा या उद्योगाला विरोध नाही. पण प्रत्येक नोंदीवर तिचा एक कायमचा शेरा असतो, “हे कळून आपल्याले काय कराचं आहे?” ऑडिटरचा प्रश्न याहून निराळा नसतो. खर्च झाला, पावती आहे, पण उपयोग काय? आमची नववीतली कन्या तर याहून पुढची. तिचे म्हणणे असे, की बाबा, तुम्ही लिहून कशाला ठेवता, सगळे फोनमध्ये आहे. खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतही पुष्कळ पैसा आहे. पण भाजीबाजारात सांभार घेताना तो उपयोगी पडत नाही. तिथे स्वतःच्या खिशातलेच दहा रुपये काढावे लागतात.

शिवाय फोनमधल्या ज्ञानाचा आणि आपला संबंध उधारीचा. विचारले की देतो आणि दिले की आपण विसरतो. विचारायचे काय, हे मात्र आधी आपल्याजवळ असावे लागते. बाबांना स्कॉट ठाऊक नसता, तर तो परत आला का, हे त्यांनी कोणाला विचारले असते?

आता उपयोगाचेच म्हणाल, तर सबंध ज्ञानाचा धंदा करू पाहणारा एक माणूस आपल्या मराठीत होऊन गेला, आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मला त्याच्याबद्दल भारी आदर आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४, रायपूरचा. शाळा आमच्या शेजारच्या अमरावतीची. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली डॉक्टरेट. एवढा शिकलेला माणूस परत येऊन चांगल्या नोकरीला लागेल, असे कोणालाही वाटेल. याने मराठीत ज्ञानकोश काढायचे ठरवले आणि त्यासाठी १९१६ साली नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी उभी केली! भाग विकायचे, भांडवल गोळा करायचे आणि त्या भांडवलातून अ पासून ज्ञ पर्यंत ज्ञान तयार करून ग्राहकाला घरपोच द्यायचे. लोक सिमेंटचे शेअर घेतात, साखरेचे घेतात. आपल्या पणजोबांच्या पिढीत लोकांनी ‘अ’चे शेअर घेतले होते.

पुढे कारभार पुण्याला गेला आणि विसाच्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड बाहेर पडले. त्यांतले पहिले पाच खंड म्हणजे नुसती प्रस्तावना. विदर्भातल्या समारंभांतली प्रास्ताविके ज्यांनी सतरंजीवर बसून सोसली आहेत, त्यांनाही हा आकडा ऐकून दम लागावा. सगळे झाल्यावर केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाचे पुस्तक लिहिले. त्या नावात मला एखाद्या कंपनीच्या अहवालाचा प्रामाणिकपणा दिसतो. नफा-तोटा वाचणाऱ्याने काढावा, काम मात्र हे असे झाले.

केतकरांनंतर सरकारने ‘मराठी विश्वकोश’ हाती घेतला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बसले. पहिला खंड १९७६ साली आला आणि विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ साली. म्हणजे एकोणचाळीस वर्षे. एकविसाव्या वर्षी बँकेत लागलेला आणि साठाव्या वर्षी सुटणारा कारकून जेवढी वर्षे खुर्ची झिजवतो, बरोबर तेवढी! १९७६ ला जो नोकरीत चिकटला आणि रोज थोडे थोडे वाचत राहिला, तो ‘अ’ने सुरू होऊन निरोपसमारंभाच्या नारळापर्यंत शेवटच्या अक्षराला पोचला असता. असा एखादा तरी माणूस महाराष्ट्रात असेल अशी माझी श्रद्धा आहे. त्याला भेटायची फार इच्छा आहे.

पण अक्षराच्या क्रमाने शिकण्यात एक धोका असतो. ज्याच्या घरी कोशाचा एकच सुटा खंड आहे, त्याला ‘म’ म्हटले की मंगळ, मका, मलेरिया आणि मोगल सगळे येते, आणि ‘घ’ म्हटले की तो घरी जातो. माझी रोजकीर्द तशी नाही. ती पुडीच्या परंपरेतली. पुढ्यात येईल ते घ्यायचे. आणि आश्चर्य असे, की पुढ्यात येते ते बहुतेक आपल्याच अंगणातले असते.

उदाहरणार्थ, कापूस. आमचा जिल्हा कापसाचा. लहानपणापासून अंगाखांद्यावर कापूस, गाडीवर कापूस, बातमीत कापूस, भाव पडला की घराघरांत गप्पगप्प. पण कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच एक पेशी असते, सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत इंचभर लांब होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेव्हापासून गादीवर पडलो की आपण किती जणांवर पडलो आहोत याचा विचार येतो आणि झोप लागत नाही.

किंवा आमच्या गावाचे नाव. अकबराच्या काळच्या ‘आइन-इ-अकबरी’त ते ‘योत-लोहारा’ असे जोडीने येते. हे लोहारा गाव आजही आमच्या शेजारीच आहे. चारशे वर्षांपूर्वी मोगलांच्या दरबारी वहीत जे जोडखाते उघडले, ते अजून बंद झालेले नाही. पुढे इंग्रजी अमलात जिल्ह्याचे नाव वणीवरून होते. यवतमाळचे नाव जिल्ह्याला मिळाले ते १९०५ साली. वणीच्या माणसाला हे सांगितले की तो असा चेहरा करतो, की जणू कालच अर्ज नामंजूर झाला आहे. आणि वणीच्याच भुईखाली जो कोळसा निघतो, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडोऱ्याचा. जिल्ह्याच्या मोठ्या भागावर जो काळा दगड पसरला आहे, तो लाव्हाचा, वय साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे आमच्या जिल्ह्यात काळा दगड नवा आणि काळा कोळसा जुना. माझ्या टेबलावर तीस वर्षांची जुनी पासबुके येतात तेव्हा मी नाक मुरडायचो, ते या नोंदीनंतर सोडून दिले.

आणि आमची शकुंतला! यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी. तिला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले होते आणि ते १९९४ पर्यंत राबत होते. सत्तर वर्षांहून जास्त नोकरी! आम्हाला साठीला घरी बसवतात. नंतर डिझेलचे इंजिन आले आणि पुढे गाडीच थांबली. बाबा एस.टी.चे, म्हणजे रेल्वेचे प्रतिस्पर्धी. तरी गाडी थांबल्याची बातमी वाचून ते म्हणाले होते, “मोठी बाई गेली.”

बाबांची स्वतःची एक वही होती, पण ती कागदाची नव्हती. वणीच्या मार्गावर कोलाम माणसे गाडीत चढत. तिकीट फाडता फाडता बाबा त्यांना एकेक शब्द विचारायचे. पाण्याला काय म्हणता? ईर. घराला? एल्ला. डोळ्याला? कन. आम्हा पोरांना या ‘कन’ची फार गंमत वाटे. नुसता एक काना कमी केला की मराठीतला कान सरकून डोळ्यावर येतो. कोलामी ही द्राविड घराण्यातली भाषा. तेलुगूतले इल्लु आणि नीरु, तमिळमधला कण् हे तिचे चुलतभाऊ. म्हणजे मारेगावचा स्टॉप आणि मद्रास यांच्यामधली सोयरीक बाबांनी तिकिटाच्या पैशातच जोडून दिली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रा. एमेनो यांनी १९५५ साली कोलामीवर सबंध पुस्तक छापले, हे मला फार पुढे कळले. एमेनोसाहेबांना कंडक्टरसारखी रोजची गाडीभर माणसे मिळाली नसतील, आणि बाबांना एमेनोसाहेब ठाऊक नव्हते. पण दोघांनी विचारलेला पहिला प्रश्न एकच असणार, याला काय म्हणता?

पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत आदिवासी पाड्यांवरून म्हाताऱ्या बाया येतात. आयुष्यभर काम करून बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. दुसरे बोट, तिसरे बोट, ओले करून, पुसून, असा तो खेळ चालतो. एकदा एक कोलाम आजी अशीच तीनदा नापास होऊन बाकावर बसली होती. उन्हाळ्याचे दिवस. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हटले, “ईर?” तिला मराठी माझ्याइतकेच चांगले येत होते. शब्दाची गरज मुळीच नव्हती. पण ती आधी चमकली आणि मग इतकी हसली, की रांगेतल्या सगळ्यांनी मागे पाहिले. त्यानंतर तिने माझा उच्चार सुधारून दिला. तीन वेळा म्हणवून घेतला. यंत्राने तिला तीनदा परत पाठवले होते, तिने मला तीनदा. दोघांचे जमल्यावर कुठे तिने पैसे मोजून घेतले.

हे मी सौभाग्यवतींना सांगितले. “हे कळून काय कराचं आहे?” हा प्रश्न त्या दिवशी आला नाही.

आता या रोजकीर्दीतली एक अवघड बाब. बाबा आता पंचाहत्तरी पार आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या लक्षात काही राहीनासे झाले आहे. सकाळी काय जेवलो ते दुपारी आठवत नाही, नातीला ते कधी बहिणीच्या नावाने हाक मारतात. डॉक्टरांनी या दुखण्याला एक लांबलचक नाव सांगितले. तेही त्या दिवशी मला नवेच होते, पण मी ते वहीत लिहिले नाही.

संध्याकाळी मी बँकेतून आलो की ते ओसरीवर खुर्चीत बसलेले असतात. पूर्वी आम्ही विचारायचो ते आता ते विचारतात, “आज काय नवीन?” मी वही काढतो. त्यांना सर्वांत आवडतो तो स्कॉट. त्यामुळे तो मी पुन्हा सांगतो. ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतात. अमुंडसेनचा झेंडा दिसला की दचकतात, अकरा मैलांना हळहळतात. रोज काहीतरी नवे शिकावे, हा उपदेश शब्दशः पाळणारा आमच्या घरात हा एकच माणूस आहे. दुसऱ्या दिवशी खाते पुन्हा कोरे.

एका कारकुनाला हे कोरे खाते रोज उघडताना कसे वाटते, ते सांगता येणार नाही. भरणा रोज, शिल्लक शून्य. बँकेत असे खाते आले तर आम्ही पत्र पाठवतो.

म्हणून एक दिवस मी विसरण्याबद्दलच शोध घेतला. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन गृहस्थाने हा हिशेब १८८५ साली मांडून ठेवला आहे. तो निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करायचा आणि किती विसरलो ते स्वतःच मोजायचा. त्याला असे दिसले, की तासाभरात निम्म्याहून जास्त जाते आणि एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश. नंतर मात्र गळती मंदावते. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे नवे नाही. यालाच आम्ही घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा म्हणतो. नव्या मोटारीची किंमत शोरूमच्या दारातच सगळ्यांत जास्त पडते, तसे.

पण त्याने मोजायची जी रीत काढली, ती वाचून मी वही खाली ठेवली. किती आठवते, एवढेच तो विचारत नव्हता. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते तो मोजायचा. वरवर काहीच आठवत नसले तरी दुसऱ्या वेळी वेळ वाचायचा. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी उरलेले असे. या वाचलेल्या वेळाला त्याने दिलेले नाव असे, की बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी भाषांतर करून सांगायला नको. बचत!

एबिंगहाऊसची डोकी धडधाकट होती, आणि तेही एकच, त्याचे स्वतःचे. दुखण्यातल्या माणसाला त्याचा हिशेब लावायला मी काही डॉक्टर नाही. पण काउंटरवर बसणाऱ्याला शिल्लक मोजायची खोड असतेच. मी बाबांकडे नीट पाहू लागलो.

परवा संध्याकाळी नेहमीप्रमाणे स्कॉट निघाला. तट्टे मेली, झेंडा दिसला, परतीची वाट लागली. दोघे गेले. तिघांनी तंबू ठोकला. बाबा एरवी इथे पुढे सरसावून ऐकतात. त्या दिवशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“थांब, लेका,” ते म्हणाले. “पुढचं नको सांगू. पुडी फाटली असं समज.”

मी वहीचे पान उलटले. जरा वेळाने त्यांनी विचारले, “दुसरं काय आहे त्याच्यात?”

मी ऑक्टोपसच्या तीन हृदयांचे सांगितले.

“तीन?” बाबा बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “मंग त्याले धाक वाटला का कोनतं धडधडते?”

हे मला ठाऊक नव्हते. उद्या पाहून सांगतो, म्हणालो.